कळस आला तो लंडनहून

प्रश्न : मुलगा ड्रेस्डेनला शिकतो. मे महिन्यात आम्ही दोघं जाऊन आलो. तिथल्या फ्राउएनकिर्शे चर्चच्या घुमटावरचा सोनेरी क्रूस ब्रिटिशांनी भेट दिलाय, असं कळलं. ज्यांनी बॉम्ब टाकले, त्यांचीच भेट त्या गावाने घेतली कशी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, मी पुण्यात तीस वर्षं जर्मन शिकवलं. १९९२ साली पहिल्यांदा ड्रेस्डेनला गेले, तेव्हा या चर्चच्या जागी दगडांचा डोंगर होता. भिंतींचे दोन सुळके तेवढे उभे, आणि पुढ्यात मार्टिन ल्यूथरचा पुतळा. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी शहर पेटवलं. चर्चने त्या आगीत तग धरला, पण १५ तारखेला सकाळी घुमट कोसळला. ढिगारा उपसायला सुरुवात झाली ती थेट १९९३ साली. दगडन् दगड मोजून, नोंदवून मांडणीवर लावला. तुम्ही भिंतीत पाहिलेले काळपट दगड ते हेच. त्याच ढिगाऱ्यात जुना क्रूसही मिळाला, वाकलेला.

नव्या क्रूसासाठी ब्रिटनमध्ये ‘ड्रेस्डेन ट्रस्ट’ने लोकांकडून वर्गणी जमवली. लंडनच्या कार्यशाळेत तो घडवला ॲलन स्मिथ या सोनाराने. त्याचे वडील त्या हल्ल्यात बॉम्बर विमान घेऊन गेले होते. हे मला कळलं त्या दिवशी वर्गात व्याकरण शिकवणं झालं नाही. मुलांना हीच हकिकत सांगत बसले.

ब्रिटनच्या तेव्हाच्या राणीचे चुलतभाऊ ड्यूक ऑफ केंट यांनी तो क्रूस १३ फेब्रुवारी २००० ला, म्हणजे बॉम्बहल्ल्याला बरोबर ५५ वर्षं झाली त्या दिवशी, ड्रेस्डेनच्या हवाली केला. चर्च तेव्हा अर्धवट होतं. तो घुमटावर चढला २२ जून २००४ ला.

आता तुमचा प्रश्न. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा वर्गणी कुणाचीही चालते, पण कळस कुणी दिला हे गाव पिढ्यान्पिढ्या सांगतं. तो मान ड्रेस्डेनने ब्रिटिशांना दिला. भेट देणाऱ्यांपेक्षा हा मान देणाऱ्यांचं मन मला मोठं वाटतं.

सगळे विसरले, असं मात्र समजू नका. मी ज्यांच्याकडे उतरायचे त्या आजी त्या रात्री नऊ वर्षांच्या होत्या. इंग्लंडबद्दल त्यांनी माझ्यापाशी कधी गोड शब्द काढला नाही. क्रूस चढवायच्या दिवशी मात्र घडीची खुर्ची घेऊन सकाळीच चौकात जाऊन बसल्या. का गेलात, असं विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या खेपेला आत ठेवलेला तो वाकलेला जुना क्रूस जरूर बघा. तिथेच इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराच्या कॅथीड्रलमधून आलेला, खिळ्यांपासून बनवलेला क्रूसही आहे. ते कॅथीड्रल १९४० साली जर्मन बॉम्बनी जळालं होतं.