ऑर्गन-ऑन-अ-चिप: पंप सुरू केल्यावर पेशी का सुटतात?

ऑर्गन-ऑन-अ-चिप म्हणजे बारीक वाहिन्यांच्या चिपमध्ये पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी प्रतिकृती. प्रश्न नाशिकच्या फार्मसीच्या विद्यार्थ्याचा आहे: पीडीएमएसच्या (रबरासारख्या पारदर्शक सिलिकॉनच्या) चिपमध्ये यकृताच्या पेशी नीट चिकटतात, पण प्रवाह सुरू केला की दुसऱ्या दिवशी सगळ्या वाहून जातात.

आधी बुडबुड्यावर संशय घ्या. फ्रीजमधलं ४ अंशांचं माध्यम (पेशींना पोसणारा द्रव) ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेलं की त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. जेमतेम १०० मायक्रोमीटर उंचीच्या वाहिनीतून बुडबुडा सरकताना पेशींचा थर खरवडून नेतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तर टेबलावर ठेवलेलं माध्यमही गारच असतं. ते ३७ अंशांवर आणा, मग निर्वातात १५ मिनिटं ठेवून हवा काढा. नळी जोडताना दोन्ही टोकांवर माध्यमाचा थेंब ठेवून थेंबाला थेंब भिडवा, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही.

दुसरं कारण लेप, म्हणजे पेशी धरून ठेवणारा कोलॅजन या प्रथिनाचा थर. प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची) प्रक्रिया केल्यावर पीडीएमएस पाणी धरतं, पण काही तासांत पुन्हा पाणी झटकू लागतं. म्हणून चिप जोडल्याबरोबर वाहिनी ओली करा आणि तिच्यात कोलॅजन भरून ३७ अंशांवर तास-दोन तास ठेवा. पेशी पेरल्यावर रात्रभर प्रवाह बंद. सकाळी ताशी ३० मायक्रोलिटरने सुरुवात. इथे घाई नडते.

औषधाची चाचणी करणार असाल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या: तेलात विरघळणारी औषधं पीडीएमएस स्वतःच शोषून घेतं. पेशी नसलेली चिप सोबत चालवा आणि बाहेर पडणाऱ्या द्रवात औषध किती उरलं ते मोजा. नाहीतर विषारी औषधही निरुपद्रवी वाटेल.