परक्या देशात दोन वर्षं सेवेला आलेली मॉर्मन पोरं तिथे रुळतात कशी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ओसाकात शिकायला आला आहात, स्टेशनबाहेर पांढरा शर्ट आणि टाय घातलेली, खिशावर काळी नावाची पट्टी लावलेली दोन अमेरिकन पोरं नेहमी दिसतात, आणि ती तुमच्याहूनही लहान आहेत. तुम्हाला दोन महिन्यांतच घर आठवून नकोसं झालंय, मग ही दोन वर्षं कशी काढतात?

मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ, आणि ही पोरं धर्मप्रचाराला आलेली असतात, त्याला मिशन म्हणतात. मी त्यांच्या चर्चची नाही आणि होणारही नाही. पण मी युटामध्ये लीहायला राहते, आणि इथे जवळजवळ प्रत्येक गल्लीतून कोणी ना कोणी असं गेलेलं असतं. ऑफिसात माझ्या समोर बसणारा सोनेरी केसांचा माणूस घडाघडा पोर्तुगीज बोलतो, त्याच्या पलीकडचा टागालोग, म्हणजे फिलिपिन्सची भाषा. दोघांनीही ती भाषा मिशनवर असताना शिकली. शिवाय आमच्या शेजारणीचा मधला मुलगा साप्पोरो मिशनमध्ये, म्हणजे तुमच्याच जपानात उत्तरेला, होक्काइदो बेटावर राहून आला. तो दर आठवड्याला घरी जी ईमेल पाठवायचा ती नातेवाईक-मित्रांच्या लांबलचक यादीला जायची, आणि त्या यादीत शेजारणीने माझंही नाव घातलं होतं. त्यामुळे त्याची दोन वर्षं मी जवळजवळ मालिकेसारखी वाचली आहेत.

त्यावरून माझं मत असं झालंय की जपान ही त्यांची पहिली अडचण नसतेच. पहिली अडचण असते जोडीदार. पण त्याआधी थोडी जुजबी माहिती.

मुलगे २४ महिने जातात, मुली १८ महिने. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ केलं, म्हणून आता बरीच मुलं शाळा संपली की थेट निघतात. कुठे जायचं हे त्यांच्या हातात नसतं. अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून नेमणूक येईल तिकडे जायचं. पूर्वी पोस्टाने जाडसर पांढरं पाकीट यायचं, आता ऑनलाइन पत्र येतं. पण ते सगळ्या गोतावळ्यासमोर उघडायची पद्धत तशीच आहे. शेजारणीकडे पत्र उघडलं त्या संध्याकाळी भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून एकेक टाचणी टोचायची होती. (माझी पेरूवर होती.) खर्च कुटुंबाचा किंवा त्या मुलाने आधी साठवलेल्या पैशांचा. अमेरिकेतून जाणाऱ्याला महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, २०२० च्या जुलैपर्यंत ते ४०० होते. टोकियोला जा की मनिलाला, आकडा एकच. सगळं एका सामायिक खात्यात जातं आणि तिथून ज्याला त्याला त्या-त्या देशाच्या हिशोबाने मिळतं.

जपानला जाणाऱ्यांना आधी साधारण नऊ आठवडे भाषेचं शिक्षण मिळतं, बहुतेकांना इथून जवळच, प्रोव्होच्या केंद्रात. शिकवणारे स्वतः नुकतेच जपानहून परतलेले विद्यार्थी. पहिल्या काही दिवसांतच मोडक्यातोडक्या जपानीत प्रार्थना करायला लावतात. तिथून निघताना पोरांना वाटतं आपल्याला येतंय. मग विमानतळावर उतरतात आणि पहिली खरीखुरी आजीबाई तोंड उघडते तेव्हा एक शब्द कळत नाही. शेजारणीच्या मुलाची होक्काइदोतली पहिली ईमेल चार ओळींची होती. त्यातल्या दोन बर्फावर होत्या.

जपानात हे काम सुरू झालं ते १९०१ मध्ये. त्यांच्या चर्चचे एक नेते हीबर ग्रँट योकोहामाला उतरले तेव्हा सोबत तिघे होते, त्यातला आल्मा टेलर फक्त १९ वर्षांचा. केंद्र नाही, नऊ आठवडे नाहीत, शिकवायला आधी गेलेलं कोणी नाही. हा मुलगा तिथे आठ वर्षांहून जास्त राहिला आणि १९०९ मध्ये निघालेलं मॉर्मनच्या ग्रंथाचं, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाचं, जपानी भाषांतर त्याने केलं. तरीही १९२४ मध्ये ते मिशन बंद करावं लागलं. तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेणारे दोनशेही झाले नव्हते. पुन्हा सुरू झालं ते युद्धानंतर, १९४८ मध्ये. आपल्याकडेही त्यांचे लोक त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेत बरं का. ह्यू फिंडले नावाचा एक स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यापर्यंत फिरला. ते काम चार-पाच वर्षांत गुंडाळलं गेलं. सांगायचा मुद्दा, लोक ऐकत नाहीत ही या पोरांच्या वाट्याला आलेली नवी गोष्ट नाही.

आता जोडीदार. प्रत्येक मिशनरीला एक सोबती नेमून दिलेला असतो. एका खोलीत दोन पलंग, जेवण एकत्र, सायकली पुढे-मागे, अभ्यास एका टेबलावर. सोबती नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवाच, एकटं राहायचं ते फक्त न्हाणीघरात. आणि हा सोबती निवडायचा नसतो. पूर्वी फोटोही न बघता लग्नं ठरायची ना, तसं हे. फरक इतकाच की सहा-सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते आणि त्यात सोबती तरी बदलतो, गाव तरी, किंवा दोन्ही. नव्या पोराला पहिले बारा आठवडे एक मुरलेला सोबती देतात, त्याला ट्रेनर म्हणतात. हा मुरलेला म्हणजे तरी कोण, वीस वर्षांचा.

शेजारणीच्या मुलाचा ट्रेनर आयडाहोच्या शेतावरचा, अबोल. दिवसभर दारोदार फिरायचं, संध्याकाळी खोलीवर यायचं आणि हा भिंतीकडे तोंड करून झोपणार. त्या काळातल्या ईमेलमध्ये जपानबद्दल तक्रार अशी नव्हतीच. तक्रार होती ती भांडी कोणी घासायची, गजर कोणी बंद करायचा, सोबती प्रार्थना फार लांबवतो, अशी. त्यांच्यात दर आठवड्याला समोरासमोर बसून आपलं कसं चाललंय हे एकमेकांना सांगायची रीत आहे: तुझं काय चांगलं वाटलं, मला काय खटकलं, पुढच्या आठवड्यात काय सुधारायचं. आमच्या घरात हा प्रकार सुरू केला तर तासाभरात कोणीतरी जेवण सोडेल. पण अठरा वर्षांच्या पोरांना, तेही घरात स्वतंत्र खोली असलेल्या अमेरिकन पोरांना, हे शिकावंच लागतं. कारण रागावून जायला दुसरी खोली नसते.

पुढे त्याला एक जपानी सोबती मिळाला, सेंदाईचा. (तिथली स्थानिक मुलंमुलीही मिशनवर जातात, सगळे अमेरिकन नसतात.) तेव्हापासून ईमेलचा सूर बदलला. भाषा सुधारलीच, पण त्याहून मोठं म्हणजे समोरचा नाही म्हणतोय हे शब्दांशिवाय कसं ओळखायचं ते त्याला कळू लागलं. जपानात तोंडावर दार कोणी आपटत नाही. दारावरच्या इंटरकॉमच्या पडद्यात आधी तुमचा चेहरा दिसतो, मग एक गोड आवाज येतो, मग काहीच येत नाही. ब्राझीलला गेलेला माझा सहकारी म्हणतो, त्याला घरात बोलावून कॉफी पुढे करायचे आणि मग तासभर फुटबॉल. (कॉफी त्यांना चालत नाही, ते वेगळंच.) तिथे लोक ऐकायचे तरी. जपानात महिनोन्महिने एक माणूस नीट बसून ऐकत नाही, आणि तरी रोज सकाळी साडेसहाला उठून, टाय बांधून बाहेर पडायचं. दारावर जाऊन धर्म सांगणं मला मुळीच पटत नाही, हे मी शेजारणीलाही सांगितलंय. पण एकोणीस वर्षांच्या पोराने रोज इतके नकार पचवावेत आणि रात्री साडेदहाला दिवा मालवून पुन्हा सकाळी उठावं, याचं मला नवल वाटतं.

इथे त्यांचं वेळापत्रक कामाला येतं. उठणं, व्यायाम, वाचन, भाषेचा अभ्यास, बाहेर पडणं, जेवण, उद्याचं नियोजन, सगळं ठरलेलं. आज काय करू हा प्रश्नच पडत नाही. टागालोगवाला म्हणतो, पहिल्या तीन महिन्यांत मी उदास नव्हतो असं नाही, उदास व्हायला मोकळा वेळ फक्त सोमवारी मिळायचा. सोमवार हा बहुधा त्यांचा सुट्टीचा दिवस. सुट्टी म्हणजे धुणं, किराणा, केस कापणं, घरी ईमेल, आणि वेळ उरला तर बास्केटबॉल. जपानात सोमवार सकाळ म्हणजे इथे रविवारची संध्याकाळ, म्हणून शेजारणीच्या मुलाची ईमेल यायची ती आमची रविवारची जेवणं होता होता.

फोनचं मात्र ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथे वाटतो. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत नियम असा होता की घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी पत्र किंवा ईमेल. त्यानंतर दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी फोन किंवा व्हिडिओ कॉलची मुभा मिळाली. यावर आमच्या ऑफिसच्या डब्याच्या टेबलावर अजून वाद होतात. जुने म्हणतात, दर आठवड्याला आईचा चेहरा पाहिला की खपली निघते, पोरगं तिथे रुजतच नाही. शेजारीण म्हणते, तुमच्या आयांना विचारा त्यांनी ते दिवस कसे काढले. मी शेजारणीच्या बाजूची आहे. वर्षातून दोन फोन हा नुसता छळ होता. पण जे आठवड्यातून एकदाच मिळतं ते रोज मिळालं असतं तर तो साप्पोरोत देहाने असता आणि मनाने लीहायच्या स्वयंपाकघरात, हेही मला दिसतं. शेजारणीने सुरुवातीला ठरवून टाकलं होतं की फोनवर रडायचं नाही, आणि कुत्रा आजारी आहे हे सांगायचं नाही. पहिली गोष्ट तिला जमली नाही.

जेवणाचं फार काही नाही. तरुण पोरं काहीही खातात. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, सोडून. शेजारणीच्या मुलाला जपानी करी-भात इतका आवडला की परतल्यावर तो माझ्याकडे येऊन आमटीत बटाटे का नाहीत असं विचारत होता. अडचण होते ती चहाची. त्यांच्यात दारू-तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य, आणि हिरवा चहासुद्धा त्यातच धरतात. ज्या देशात पाहुण्याला आधी चहा देतात तिथे तो रोज नाकारायचा, तोही नव्यानेच शिकलेल्या भाषेत! भाजलेल्या सातूचं ‘मुगीचा’ नावाचं पेय मात्र चालतं, त्यावर बरंच निभावतं. आमच्याकडे ही मंडळी आली की मी मसाला दूध करते.

सगळीच रुळतात असं समजू नका. काही आजारी पडून, काही मन खचून लवकर परततात, आणि या गावात त्यांच्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ते मला आवडत नाही. पूर्वी तर फारच वाईट होतं असं ऐकते. आता चर्चच बरंच उघड बोलतं. २०१३ मध्ये त्यांनी मिशनरींसाठी एक पुस्तिका काढली, तीत ताणाचे चार रंग दिलेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. कुठल्या रंगात आहोत हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे काय करायचं, कोणाला सांगायचं ते तिथे लिहिलंय. शेजारणीला तो फोनवर सरळ रंग सांगायचा. एकदा नारिंगी लागोपाठ काही आठवडे राहिला, तेव्हा मिशनच्या प्रमुखांच्या पत्नीने त्याला बोलावून घेतलं, समुपदेशकाशी गाठ घालून दिली आणि नवा सोबती दिला. हे त्याने स्वतः सगळ्या यादीला लिहिलं, मला त्याचं कौतुक वाटलं.

आता तुमच्याबद्दल. त्या दोघांपेक्षा तुमची परिस्थिती मला अवघड वाटते. त्यांना सोबती आहे, भांडायला का होईना. दिवस आखून दिलेला आहे. काय करायला आलोय याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही, आणि परतीची तारीख ठरलेली आहे. तुमच्याकडे खोली आहे, फोन आहे आणि लांबलचक संध्याकाळ आहे. घरी फोन रोज रात्री झोपायच्या वेळी करत असाल तर तो आठवड्यातल्या ठरावीक दिवशी सकाळी करून बघा. आणि रोज संध्याकाळी तासभर कुठेतरी जावंच लागेल असं काहीतरी अंगावर घ्या: जिम, भाषेचा वर्ग, अर्धवेळ काम, काहीही.

त्या पोरांशी बोलायचं असेल तर खुशाल बोला. धर्माबद्दल ऐकायचं नसेल तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, जपानी पद्धतीने आडून नको. त्यांना त्याची सवय आहे आणि राग येत नाही. नावाच्या पट्टीवर एल्डर आणि आडनाव असतं, तशीच हाक मारा. त्यांच्या चर्चमध्ये बहुधा आठवड्यातून एकदा इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असतो. तुम्हाला इंग्रजीची गरज नसेल, पण तिथे येणारी जपानी मंडळी गप्पिष्ट असतात, तुमचं जपानी सुधारेल. जेवायला बोलवणार असाल तर दोघांना बोलवा, एकट्याला येता येत नाही. वेळ संध्याकाळी लवकरची ठेवा, त्यांना ठरल्या वेळी खोलीवर परतावं लागतं. चहा ठेवू नका, तिखट विचारून घाला, आणि भात नेहमीपेक्षा दुप्पट लावा.