घरासाठी नवीन कॉम्प्युटर घ्यायचाय, मुंबईत कुठून घेऊ? ऑनलाइन की दुकानातून?

डेस्कटॉप असेंबल करून, म्हणजे सुटे भाग जोडून घेणार असाल तर सरळ लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार गाठा. ग्रँट रोड स्टेशनवरून, पूर्वेकडून, चालत जाता येतं. आधी हव्या त्या भागांचे ऑनलाइन भाव कागदावर उतरवून घ्या, मग निदान तीन दुकानांत तीच यादी दाखवून कोटेशन मागा. जीएसटी १८ टक्के आहे. सांगितलेला भाव तो धरून की सोडून, हे आधीच विचारा. ‘बिलाशिवाय स्वस्तात देतो’ म्हटलं की तिथून निघायचं!

मी स्वतः यात पोळलोय. एका दुकानातून प्रोसेसर सुटा घेतला, सीलबंद खोका नव्हता. वर्षभरात बिघडला, तेव्हा कळलं की कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी खोक्यातल्या प्रोसेसरला असते. म्हणून प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्याच आणि मशीन तिथेच चालू करून बघा.

लॅपटॉप मात्र ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, वॉरंटी कंपनीचीच असते. फक्त विक्रेता कोण आहे ते बघा आणि खोका उघडताना व्हिडिओ काढा. घरात कोणाला यातलं फारसं कळत नसेल, तर थोडे जास्त पैसे देऊन जवळच्या दुकानातूनच घ्या. अडलं की माणूस घरी येतो.