ज्युरी निवडताना: एका तरुण वकिलाला पत्र

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अमेरिकेतल्या एका माजी लोकप्रतिनिधीच्या फौजदारी खटल्यात बचाव पक्षाच्या बाजूने उभं राहायला मिळतंय आणि ज्युरीसाठीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांच्या निवडीसाठीच्या, प्रश्नावलीचा मसुदा तुझ्याकडे आलाय, हे वाचून फार बरं वाटलं. बाकीच्या गोष्टी फोनवर बोलू. पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मात्र लिहूनच द्यायला हवं. निम्मा जिल्हा ज्याला डोक्यावर घेतो आणि उरलेला निम्मा ज्याचं नाव काढलं तरी उठून जातो, त्याच्यासाठी कोऱ्या पाटीची बारा माणसं आणायची कुठून, असं तुझं म्हणणं.

कोरी पाटी शोधूच नकोस. तशी माणसं मिळत नाहीत, आणि मिळाली तर मला त्यांची धास्तीच वाटेल. इतकी वर्षं गावात एवढी धुमश्चक्री चालू असताना ज्याच्या कानावर काहीच गेलं नाही, तो महिनाभर साक्षीपुरावा लक्ष देऊन ऐकेल, हे कशावरून? अमेरिकेच्या राज्यघटनेतली सहावी दुरुस्ती निःपक्ष ज्युरी मागते. अजाण ज्युरी मागत नाही.

हा प्रश्न नवा नाही. १८०७ साली रिचमंडमध्ये ॲरन बर यांच्यावर देशद्रोहाचा खटला चालला. बर हे माजी उपाध्यक्ष. खटला उभा राहण्याआधीच राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्यांचा अपराध शंकेपलीकडचा आहे असं लिहून टाकलं होतं. आता सांग, अशा वेळी कोणाचं मत बनलेलं नसेल? पहिल्या ४८ जणांच्या यादीतून जेमतेम ४ जण टिकले. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तिथे जी रेघ ओढली, ती आजही पुसलेली नाही. पुराव्यापुढे माघार घेऊ शकेल असं हलकं मत माणसाला अपात्र करत नाही. मनाची दारं लावून घेणारं, खोल रुतलेलं मत करतं. आणि त्या ज्युरीने शेवटी काय केलं? समोर ठेवलेल्या कोणत्याही पुराव्याने या आरोपपत्राखालचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, म्हणून आम्ही निर्दोष ठरवतो, असा निकाल दिला. तो निकाल नीट वाच. बर यांच्याबद्दल त्यात जिव्हाळ्याचा एक शब्द नाही. माणूस आवडत नसतानाही त्याला सोडता येतं, याचा इतका चोख दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

पण दारं बंद आहेत की नुसती लोटलेली, हे ओळखायचं कसं? इथे बहुतेक नवे वकील घसरतात. "तुम्ही निःपक्ष राहू शकाल ना?" असं विचारून मोकळे होतात. या प्रश्नाला 'नाही' म्हणणं म्हणजे भरकोर्टात आपण पक्षपाती आहोत असं कबूल करणं. ते फार थोडे करतात. १९६१ सालच्या अर्विन विरुद्ध डाउड या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पकडली. इंडियानातल्या त्या खटल्यात बोलावलेल्या ४३० जणांपैकी २६८ जणांना पक्कं मत झालंय म्हणून घरी पाठवावं लागलं. निवडलेल्या बारांपैकी आठ जण तर आरोपी दोषी आहे असंच मानत होते, पण आपण न्यायाने वागू असं त्यांनी सांगितलं होतं. न्यायालयाने ती हमी पुरेशी मानली नाही आणि शिक्षा रद्द केली.

तेव्हा समज, चौथ्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "मला हा माणूस मुळीच आवडत नाही." घाबरून तू लगेच विचारलंस, "पण पुरावा ऐकूनच निर्णय द्याल ना?" बाई हो म्हणाल्या, न्यायाधीशांनी मान डोलावली, की कारण दाखवून त्यांना वगळून घेण्याची तुझी संधी तिथेच संपली. वर बाकीचे सगळे शिकले की इथे कोणतं उत्तर चालतं. त्यापेक्षा म्हण, "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. आणखी कोणाला असंच वाटतं?" हात वर होतील. मग परत त्या बाईंकडे वळ, "कशामुळे?" एवढंच विचार आणि गप्प राहा. कोर्टातली शांतता वकिलांना सहन होत नाही. तू ती सहन करायला शीक, कारण खरं उत्तर बहुतेक वेळा पहिल्या वाक्यानंतरच्या शांततेत येतं.

आणि त्यानंतर, माझ्या मते या खटल्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "समजा, सगळा पुरावा ऐकून सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही अशी तुमची खात्री झाली आणि तुम्ही निर्दोष म्हणालात. त्या रात्री घरी जेवायला बसल्यावर काय होईल?"

एक जण हसून म्हणेल, "नवरा आठवडाभर अबोला धरेल, पण ते माझं मी बघून घेईन." दुसरा नजर खाली घालून म्हणेल, "ऑफिसात मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही." यातल्या पहिल्या बाईंना तुझ्या अशिलाचा मनापासून राग असेल, दुसऱ्याला कदाचित तितकासा नसेल. तरी मी पहिल्या बाईंना ठेवीन. राजकारणाने दुभंगलेल्या गावात मत बदलणं एकवेळ सोपं असतं. बदललेल्या मताची किंमत घरात, कामावर, प्रार्थनास्थळात, मित्रांच्या कट्ट्यावर मोजायची असते, आणि ती मोजायची तयारी आहे का, हे कोणतीही मतचाचणी सांगत नाही. सरकारी वकिलालाही हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारता येतो. दोषी म्हणालात तर तुमची माणसं काय म्हणतील?

ही भीती कल्पनेतली नाही. मॅनहॅटनमध्ये २०२४ साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या खटल्याची ज्युरी निवडायला १५ एप्रिलला सुरुवात झाली. पहिल्या तुकडीत ९६ जण होते. निःपक्ष राहणं जमणार नाही असं कोणाला वाटतं, असं न्यायाधीश मर्चन यांनी विचारल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी हात वर केले आणि त्यांना जाऊ दिलं गेलं. लोक याला थट्टेवारी नेतात, मला मात्र ती माणसं प्रामाणिक वाटतात. ज्युररची नावं जाहीर करायची नाहीत असा आदेश होता. तरीही निवड झालेल्या एका बाईंना बातम्यांमधल्या तपशिलांवरून ओळखीच्यांनी ओळखलं, विचारणा सुरू झाली, आणि बाहेरच्या दबावाचा आपल्यावर परिणाम होईल असं सांगून त्या बाहेर पडल्या. मत बदललं नव्हतं, किंमत कळली होती. तरीही १९ एप्रिलपर्यंत बारा ज्युरर आणि सहा राखीव निवडून झाले. त्या खटल्यातली ४२ प्रश्नांची प्रश्नावली मिळवून वाच. त्यात कोणाला मत दिलंत, कोणत्या पक्षात नाव नोंदवलंय, हे विचारलेलंच नाही. कोणत्या बातम्या वाचता-ऐकता, ट्रम्प यांच्या बाजूच्या किंवा विरोधातल्या सभेला गेलात का, असल्या गोष्टी विचारल्या आहेत. हे मला योग्यच वाटतं. मत कोणाला दिलं हे सांगायला भाग पाडलं की माणूस तिथेच त्या पक्षाचा होऊन बसतो. काय केलंत हे विचारलं तर तो स्वतःविषयी बोलतो.

निवड झाली म्हणजे काम संपलं असंही समजू नकोस. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूबद्दल माजी पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिन यांच्यावर मिनियापोलिसमध्ये २०२१ साली खटला चालला. ज्युरी निवड अर्ध्यावर असताना १२ मार्चला शहराने फ्लॉइड कुटुंबाशी २ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. आधीच निवडलेल्या सात जणांना न्यायाधीश केहिल यांनी पुन्हा बोलावून विचारलं, आणि त्यातल्या दोघांना जाऊ द्यावं लागलं. तेव्हा रोज सकाळी बातम्या बघ, आणि ज्युररना पुन्हा विचारण्याचा अर्ज हाताशी तयार ठेव.

आता तुझ्या त्या तक्त्याबद्दल. वय, वस्ती, शिक्षण, चर्च, वर्ण यांवरून कोण कोणत्या बाजूचा, याचे गुण मांडायचा विचार तू लिहिला आहेस. हे सोडून दे. वर्णावरून स्ट्राइक, म्हणजे कारण न देता ज्युरर वगळण्याचा अधिकार, वापरायला १९८६ च्या बॅट्सन निकालाने बंदी आहे आणि १९९४ पासून स्त्री-पुरुष भेदावरही. ते कोर्टात चालणार नाहीच. शिवाय हे अंदाज फसतात. हॅरिसबर्गमध्ये १९७२ साली फिलिप बेरिगन या धर्मगुरूवर आणि युद्धविरोधी साथीदारांवर राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या अपहरणाच्या कटाचा खटला झाला. बचावाच्या बाजूने समाजशास्त्रज्ञांनी लोकांची पाहणी करून ज्युरी निवडायला मदत केली. अशा पद्धतीची सुरुवात तिथलीच मानतात. ज्युरी शेवटी दहा विरुद्ध दोन अशी अडली. दोषी म्हणून अडून बसलेल्या दोघांत एक बाई अशा होत्या, ज्यांची मुलं स्वतः सदसद्विवेकाला स्मरून युद्धाला नकार देणारी होती. कागदावर यापेक्षा अनुकूल ज्युरर कोण दिसला असता? पाहणीने जिल्ह्याचा कल कळतो. समोरच्या खुर्चीतला माणूस त्याला विचारूनच कळतो.

त्यासाठी न्यायाधीशांनी विचारू दिलं पाहिजे, आणि तिथे तुला भांडावं लागेल. युद्धविरोधी निदर्शकांवरच्या १९६९ च्या शिकागो सेव्हन खटल्यात न्यायाधीश ज्युलियस हॉफमन यांनी व्हिएतनाम युद्ध, तरुणांची राहणी, निदर्शनं याबद्दलची मतं ज्युररना विचारूच दिली नाहीत. १९७२ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या, त्यामागे हेही एक कारण होतं. तुझ्या अर्जात हा निकाल आलाच पाहिजे. नाकारलेला प्रत्येक प्रश्न नोंदीवर घे.

आणि यादीकडे बघ, प्रश्नांच्याही आधी. आपल्याला टिळकांचा १९०८ चा राजद्रोहाचा खटला लहानपणापासून माहीत असतो, पण त्यातली ज्युरी कशी आली हे फार कमी लोक वाचतात. सरकारने खास ज्युरी मागितली. अशी ज्युरी बहुतांशी युरोपियनांची होईल आणि लेख तर मराठीत आहेत, असा विरोध बचावाने केला, तरी न्यायमूर्ती दावर यांनी ती दिली. नऊ जण बसले, सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन असा दोषी लागला आणि शिक्षा झाली सहा वर्षं काळ्या पाण्याची. त्या सातांतला एखादा स्वभावाने कितीही न्यायी असला, तरी लेख त्याच्यापर्यंत भाषांतरातून पोचत होता, आणि निर्दोष म्हणून क्लबात परत जाण्याची किंमत त्याला ठाऊक होती. एकट्यादुकट्याच्या विरोधाला तिथे वजनही नव्हतं, बहुमत पुरत होतं. तुझ्या इथे ती भीती नाही, गंभीर गुन्ह्यांत ज्युरीचं एकमत लागतं आणि २०२० पासून हे सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे. पण यादी कशी बनते, समन्स कोणत्या पत्त्यांवर जातात, आणि उत्तर न देणाऱ्यांचं काय होतं, हे तू आत्ताच तपासून घे.

ज्युररचं सोशल मीडिया पाहायला हरकत नाही, उघड असेल तेवढंच. फ्रेंड रिक्वेस्ट पाठवणं म्हणजे ज्युररशी संपर्क, त्या वाटेला तूही जाऊ नकोस आणि तुमच्या तपासनीसालाही जाऊ देऊ नकोस. जुनी एखादी चिडून टाकलेली पोस्ट सापडली तर हुरळून जाऊ नकोस. ती दाखवून त्याला विचार, आज काय वाटतं.

एक शेवटची गोष्ट, जी तुला आवडणार नाही. निवडीत एखादा तुमच्या अशिलाचा कट्टर भक्त येईल, फार गोड उत्तरं देईल, ज्युरीवर यायला उतावीळ असेल. त्याला वगळणं तुझं काम नाही, ते सरकारी वकील बघतील. पण त्याने फॉर्मवर खोटं लिहिलंय हे तुझ्या हाती लागलं, तर ते त्याच दिवशी वरिष्ठांपुढे ठेव आणि न्यायाधीशांपर्यंत जाईल असं बघ. अशिलावर निष्ठा हवीच, मी ती कधी कमी मानलेली नाही. पण खोटं बोलून आत शिरलेल्या माणसाने दिलेला 'निर्दोष' निकाल त्या निम्म्या जिल्ह्यात कोण मानणार? अशिलाला त्याच गावात राहायचं आहे.

मसुदा पुढच्या आठवड्यात पाठव. सोबत न्यायाधीशांचे ज्युरी निवडीबद्दलचे स्थायी आदेशही जोड, तोंडी प्रश्नांना किती मिनिटं देतात ते मला बघायचंय. वेळ कमी असेल तर घरच्या जेवणाचा तो प्रश्न लेखी प्रश्नावलीत घालावा लागेल, आणि मग त्याची शब्दरचना बदलावी लागेल.

तुझी,
ताई