तिसरं पेडल

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोन्ही गाड्यांचे फोटोही पाहिले. एक २०२१ ची लाल फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, एकाच मालकाची, नाशिकच्या एमएच-१५ पासिंगची. दुसरी शोरूममधली कोरी ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन. दोन्हींत साडेतीन लाखांचा फरक पडतो आणि तुझी झोप उडाली आहे. शेवटी विचारलंस, "काका, तुम्ही कोणती घेतली असती?"

मी पोलो घेतली असती. तू मात्र एन लाइन घ्यावीस, आणि तीसुद्धा मॅन्युअल. ही दोन उत्तरं वेगळी का, ते सांगायला बसलोय.

पोलोवर माझा जीव आहे हे तुझ्या बाबांनाही ठाऊक आहे. आम्ही दोघं सातपूरला टूलरूममध्ये होतो, पत्र्याचे दोन भाग किती नेमके बसतात हे बघण्यातच आमची हयात गेली. चाकणच्या कारखान्यातून पोलो बाहेर पडायला लागली तेव्हा मी तिचं दार उघडून लावून बघितलं होतं. नुसत्या आवाजावरून कळलं की हे काम कुणीतरी मनापासून केलंय. २०२२ साली ती बंद झाली तेव्हा वाईट वाटलं. त्यामुळे तुझ्या फोटोतली लाल गाडी बघून माझं काय झालं असेल, याचा अंदाज कर.

आता बाबांच्या प्रश्नाकडे. "एवढ्याशा गाडीला एवढे पैसे कशाला?" असं ते विचारतात ना? त्यांना १९७६ च्या गोल्फ जीटीआयची गोष्ट सांग. फोक्सवॅगनच्या काही इंजिनीअरांनी घरगुती हॅचबॅकमध्ये ११० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं. गाडीचं वजन होतं जेमतेम आठशे किलोच्या वर. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा हिशेब होता. खपल्या लाखांनी. आठवडाभर भाजी आणि मुलं वाहणारी गाडी रविवारी घाटात माणसाला जागं करू शकते, ही कल्पनाच लोकांना आवडली. तुझ्या फोटोतल्या पोलोचं इंजिनही बरोबर ११० अश्वशक्तीचं आहे, हे मला फार गोड वाटतं.

आपल्याकडे मात्र या गाड्यांचा आकार करानं ठरवला. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलच्या १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. ती चौकट आजही टिकून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच मापाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून आपल्याकडच्या अशा चपळ हॅचबॅकमध्ये एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन असतं आणि ताकद टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, देतो. हे नुसतं सामान्यज्ञान म्हणून सांगत नाही. गाडी चालवताना त्याचा रोज संबंध येतो. असं छोटं इंजिन दीड हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं असतं. तू पाय दाबतेस, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग एकदम ओढ येते. ती ओढ वळणातून बाहेर पडताना हवी, वळणाच्या मध्यावर नको. ती कधी यावी हे गिअर ठरवतो, आणि तो गिअर कुणी निवडायचा, तू की गाडीनं, हाच तुझ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

कागदावर दोघींत फार अंतर नाही. पोलो ११० अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर. एन लाइन १२०, १७२. यावर तू दोन रात्री घालवल्यास, आता पुरे. पोलो जीटीमध्ये सहा गिअरची ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टरची, टिकाऊ आणि शहाणी. एन लाइनमध्ये सहा गिअरची मॅन्युअल मिळते. ती सुरुवातीपासून नव्हती. २०२१ मध्ये गाडी आली तेव्हा गिअरचा दांडा होता पण क्लचचं पेडल नव्हतं. ते २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आलं. माझ्या लेखी ही गाडी तेव्हा पुरी झाली.

तुला लायसन्स मिळून चार वर्षं झाली. त्यातली बहुतेक आईच्या ऑटोमॅटिकवर गेली. तुझी नजर चांगली आहे, आरसे बघतेस, घाई करत नाहीस. पण उतारावर तू नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवतेस. मागच्या वर्षी आपण सगळे वणीला गेलो, तेव्हा नांदुरीचा घाट उतरून खाली आल्यावर ब्रेकचा जळका वास आला होता, आठवतंय? मी तेव्हा बोललो नाही, कारण आई शेजारी होती. चूक तुझ्या स्वभावाची नाही, तुला कुणी गिअरवर गाडी धरायला शिकवलंच नाही. ऑटोमॅटिकमध्येही हातानं गिअर खाली घेता येतात, पण सोय असली की माणूस ती विसरतो. क्लचचं तिसरं पेडल विसरू देत नाही.

पोलोमध्ये हेच एक लिटरचं टर्बो इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसहही मिळायचं. त्यावर जीटीचा बिल्ला नसायचा, म्हणून पोरं तिकडे ढुंकून बघत नाहीत. तशी एखादी नीट ठेवलेली गाडी मिळाली तर आधी मला फोन कर, मग मी माझं उत्तर बदलेन. बिल्ल्यासाठी पेडल सोडू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

एन लाइनची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, नको. द्वारकेच्या चौकात संध्याकाळी अर्धा तास इंच-इंच सरकताना ड्राय क्लचचा गिअरबॉक्स तापतो, आणि सिंहस्थाच्या तयारीत आपले रस्ते कसे खणलेत ते तू रोज बघतेस.

हे मी कुठे शिकलो तेही सांगतो. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपदाची फेरी नाशिकला व्हायची, रॅली ऑफ महाराष्ट्र. मी मार्शल म्हणून डोंगरकडेच्या कच्च्या रस्त्यावर झेंडा घेऊन उभा असायचो. पहाटे चारला घरून निघायचं, डबा बरोबर, आणि दिवसभर धूळ खायची. गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. पहिल्या वर्षी मला वाटायचं, जिचा आवाज मोठा तीच वेगवान. दोन-तीन वर्षांत कान तयार झाला. चांगला चालवणारा वळणाच्या बराच आधी पाय उचलतो. गिअर खाली पडल्याचा आवाज येतो, एकदा, स्वच्छ, आणि मग इंजिन एका सुरात चढत जातं. नवशिका वळणापर्यंत ठोकत आणतो, ब्रेक करकचून दाबतो, आणि बाहेर पडताना इंजिन धापा टाकत असतं. घड्याळ पहिल्याच्या बाजूनं असायचं. त्या गाड्यांत कितीतरी पोलो होत्या, म्हणूनही माझा जीव तिच्यात अडकलाय. पण त्या पोलो मॅन्युअल होत्या, पोरी.

एन लाइनमध्ये मला जे आवडत नाही तेही लिहितो. २०२२ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आय-ट्वेंटीला पाचांपैकी तीन तारे दिले आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरवला. त्या गाडीत दोन एअरबॅग होत्या, आता सहा येतात आणि घसरणारी गाडी सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोलही असतो, पण सांगाडा तोच. पोलोला २०१४ मध्ये दोन एअरबॅगसह चार तारे मिळाले होते आणि तिचा सांगाडा स्थिर ठरला होता. हा मुद्दा माझ्या मनातून जात नाही, आणि तुझ्या बाबांना तो समजला पाहिजे. त्यांनी यावरून पोलो म्हटलं तर मी वाद घालणार नाही. एन लाइनला चारही चाकांना डिस्क आहेत, पोलोला मागे ड्रम. घाटात उतरताना डिस्क लवकर थंड होतात. मी दोन्ही पारड्यांत टाकून बघितलं आणि तरीही एन लाइनकडे झुकलो, कारण तू ती धडकवण्याची शक्यता मला कमी करायची आहे.

तुझा रोजचा रस्ता गंगापूर रोडवरून मुंबई नाका, पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. निम्मा वेळ शहरात, निम्मा ट्रेलरांच्या मधे. या रस्त्यावर तुला ताकद लागते ती ट्रेलर ओलांडायच्या सहा-सात सेकंदांसाठी. तिथे चौथ्यातून तिसऱ्यात घेतलंस की एन लाइन लगेच निघते. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे आणि सरळ रस्ता आहे, तिथे दोघींपैकी कोणतीही चालेल. उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर जायच्या आधी टायरची हवा थंड असताना तपास, एवढं पाळ.

टायरवरून माझीच एक गोष्ट. सत्ताविशीत माझ्याकडे एक जुनी हॅचबॅक होती. बोनसचे पैसे आले. टायर गुळगुळीत झालेत हे मला दिसत होतं. मी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला आणि टायर दिवाळीनंतर घेऊ म्हटलं. जुलैत पेठ रोडनं सावळघाटात, धुकं आणि पाऊस, शेजारी माझी धाकटी बहीण. एका साध्या वळणावर गाडी पुढून सरळ निघाली, स्टेअरिंग वळवूनही वळेना. आम्ही डोंगराच्या बाजूला गटारात गेलो. दुसऱ्या बाजूला दरी होती. बहिणीच्या कपाळावर तीन टाके पडले. ती आजही तो विषय काढत नाही, म्हणून मला तो जास्त आठवतो. तुझ्या यादीत सनरूफची फिल्म, सबवूफर आणि स्टिकर आहेत. ते तिन्ही खोडून टाक. तेवढे पैसे टायरसाठी वेगळे ठेव, चार चांगल्या टायरांना तीसेक हजार लागतील.

तरीही पोलोच घेणार असशील तर माझं ऐक. सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघ, मुळाशी गाळ दिसला तर गाडी पुरात उभी होती. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०२१ च्या गाडीचं किलोमीटर कमी सांगतात आणि टायर दुसऱ्यांदा बदललेत, तर प्रश्न विचार. सर्व्हिसच्या नोंदी मालकाकडून घेण्याऐवजी स्वतः वर्कशॉपमधून मागव. हेच इंजिन पुढे फोक्सवॅगनच्याच टायगुन आणि व्हर्टसमध्ये आलं, त्यामुळे त्याचे भाग मिळतात. बाहेरच्या पत्र्याचं आणि दिव्यांचं मात्र आधी विचारून ठेव. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्या ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलसाठी बनलेल्या असतात, ही त्याआधीची आहे. रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा बघून घ्यावे लागतील. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस. मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सही करून घे, विमा चौदा दिवसांत नावावर कर. मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडेच राहतो, तो तुला मिळेल असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे.

पैशांबद्दल बाबांशी मीच बोलेन. पोलोवर वाचणारे साडेतीन लाख लहान नाहीत, आणि ते नाही म्हणाले तर त्यांचं बरोबर असेल. तशा वेळी घाई न करता सहा महिने थांब, हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला बाजूला टाक आणि ते जमतंय का बघ. पहिल्याच महिन्यात ओढाताण झाली तर उत्तर तिथेच मिळेल.

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला कॉलेज रोडला एक चक्कर मारून आणतात, त्यातून काही कळत नाही. मी बोलून ठेवलंय, रविवारी सकाळी साडेसहाला गाडी मिळेल. आईबाबांना मागच्या सीटवर बसव. सोमेश्वरच्या पुढे गिरणारे रस्त्याला जाऊ. तिथे गतिरोधक आहेत, खड्डे आहेत आणि वळणंही. चौघं बसल्यावर सस्पेन्शन किती गचके देतं ते आई सांगेल. परतीच्या उतारावर मी तुला तिसऱ्यातून दुसऱ्यात कधी घ्यायचं ते दाखवतो. सपाट तळाचे बूट घालून ये, आणि हवा तपासायचा माझा गेज तुझ्या बाबांकडे गेल्या दिवाळीपासून आहे, तो आठवणीनं आण.

तुझा,
काका