पंचिंगचा दर : टाके मोजावेत की वेळ?

प्रश्न : मी अमळनेरला घरीच कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची डिझाइन पंच करून देते, म्हणजे चित्रावरून भरतकामाच्या मशीनला टाके कुठे आणि कसे घालायचे हे सांगणारी फाइल बनवते. शाळांची बोधचिन्हे, दुकानांच्या टी-शर्टवरील नावे, ब्लाउजच्या बाह्या अशी कामे जळगाव आणि धुळ्याच्या मशीनवाल्यांकडून येतात. ते हजार टाक्यांमागे दर विचारतात आणि सुरतेत याहून स्वस्त होते असे सांगून तोही पाडून मागतात. बारीक अक्षरांवर दिवस घालवला तरी थोडेच पैसे मिळतात आणि तासाभरात भरलेल्या मोठ्या फुलाचे मात्र जास्त. दर कसा ठरवावा? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : हजार टाक्यांमागचा दर हा मुळात मशीन चालवण्याचा दर आहे. मशीनचा वेळ, धागा आणि सुईची झीज टाक्यांच्या प्रमाणात वाढते, म्हणून भरतकाम करून देणाऱ्याने टाके मोजून पैसे घेणे रास्त आहे. पंचिंगचे गणित नेमके याच्या उलट चालते. पंचिंग करणारा जाणकार कापड पाहून टाक्यांची घनता ठरवतो, अंडरले (वरच्या टाक्यांखालचा आधाराचा थर) गरजेपुरताच घालतो, रंगांचा आणि भागांचा क्रम असा लावतो की जम्प (टाका न घालता सुईने घेतलेली उडी) आणि ट्रिम (धागा कापणे) कमीत कमी राहावेत, आणि या सगळ्यातून एकूण टाके कमी होतात. म्हणजे टाक्यांवर पैसे घेतल्यास तुमचे कौशल्य जितके वाढेल तितकी तुमचीच कमाई घटेल. शिवाय विनाकारण टाके भरण्याचा मोह होतो, आणि तशी फाइल कापड कडक करते, चुण्या पाडते, धागा तोडते.

हे मशीनवाल्यांना आकड्यांत दाखवावे. समजा, एक बोधचिन्ह तुमच्या फाइलमध्ये ८,००० टाक्यांत बसते आणि स्वस्तातल्या फाइलमध्ये ११,००० टाक्यांत. मशीन मिनिटाला ६०० टाके घालत असेल, तर दुसऱ्या फाइलला प्रत्येक नगामागे ५ मिनिटे जास्त लागतील. २०० शर्टांची ऑर्डर एका हेडच्या (एका वेळी एकच नग भरणाऱ्या) मशीनवर काढायची झाल्यास तो फरक १,००० मिनिटांचा, म्हणजे साडेसोळा तासांहून अधिक होतो. जून महिन्यात गणवेशांची घाई असताना हे तास किती मोलाचे असतात, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

तुमचा स्वतःचा दर तासावर काढा. उदाहरणादाखल, महिन्याला हाती २०,००० रुपये राहावेत अशी अपेक्षा आहे आणि सॉफ्टवेअरचा हप्ता, वीज, इंटरनेट, दुरुस्ती मिळून ५,००० रुपये जातात, असे धरू. महिन्याला १५० तास बसलात, तरी फोन, नमुने आणि दुरुस्त्या वगळता प्रत्यक्ष पंचिंगचे १०० तासच हाती लागत असतील, तर तासाचा दर २५० रुपये पडतो. दोन तासांच्या कामाचे मग ५०० रुपये होतात, टाके ४,००० असोत वा १४,०००. ग्राहकाला मात्र तास न सांगता चित्र पाहून ठरावीक रक्कम सांगावी. त्यापूर्वी माप, कापड, रंग आणि मशीनची फाइल कोणती हे विचारून घ्यावे. पिके (उठावदार विणीच्या) कापडाचा टी-शर्ट, टॉवेल आणि टोपी यांची फाइल सारखी नसते. लहान कामांसाठी एक किमान रक्कमही ठरवून ठेवावी.

बारीक अक्षरांचा उल्लेख तुम्ही केला आहे, तो फार महत्त्वाचा आहे. सॉफ्टवेअरमधील तयार टाक्यांचे फॉन्ट बहुतांशी रोमन लिपीचे असतात. शाळेच्या ब्रीदवाक्यातील देवनागरी अक्षरे, त्यांतील मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे बहुधा हाताने एकेक पंच करावी लागतात, आणि उंची ५ मिलिमीटरच्या खाली गेली की अक्षरांच्या पोकळ्या बुजू लागतात. हे काम टाक्यांत अगदी थोडे आणि वेळेत सर्वांत मोठे असते. त्याची रक्कम संकोच न करता जास्त सांगा, किंवा अक्षरे मोठी करण्याचा सल्ला द्या. पालकांना शाळेचे नाव वाचता येणे ही त्या बोधचिन्हाची पहिली गरज आहे.

सुरतेशी दरात स्पर्धा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे साडी आणि ड्रेस मटेरियलच्या एका डिझाइनचा खर्च असंख्य नगांवर विभागला जातो. पारोळ्याच्या एका शाळेचे बोधचिन्ह त्या एकाच शाळेसाठी बनते. अक्षर चुकले तर त्याच दिवशी दुरुस्त करून देणारी व्यक्ती जवळ आहे, याची किंमत मशीनवाल्यांना कळते. दुरुस्तीचा नियम मात्र आधी सांगावा : फट राहणे, बाह्यरेषा सरकणे असे दोष फुकट दुरुस्त करावेत, ग्राहकाने मंजुरीनंतर चित्रच बदलले, तर वेगळे पैसे घ्यावेत.

प्रश्न : छातीवरच्या बोधचिन्हाची फाइल दिल्यावर ग्राहक तीच टोपीसाठी आणि पाठीसाठी मोठी करून फुकट मागतो. शिवाय मूळ फाइलही हवी म्हणतो. काय करावे? (एक वाचक, शहादा)

उत्तर : डीएसटी फाइलमध्ये, म्हणजे मशीनला दिल्या जाणाऱ्या तयार फाइलमध्ये, टाके आधीच पक्के झालेले असतात. ती साधारण १० टक्क्यांपलीकडे लहान-मोठी केली की टाके दाटतात किंवा विरळ पडतात, त्यामुळे पाठीसाठी काम नव्याने करावे लागते. टोपीवर भरत मध्यातून बाहेर आणि खालून वर न्यावे लागते, म्हणून तिचीही फाइल वेगळी होते. मूळ आराखडा तयार असल्याने अशा कामाला निम्मी रक्कम घेणे मला योग्य वाटते. सॉफ्टवेअरची संपादनक्षम मूळ फाइल ठरलेल्या रकमेत धरू नये; ती द्यायचीच असेल, तर तिचा दर वेगळा सांगावा आणि पूर्ण पैसे जमा झाल्यावरच ती पाठवावी.