फक्त शेवटचेच दिवस आठवतात

"मॅडम, मला माझी आजी आठवतच नाही. तिची खाट आठवते."

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांकडून हे वाक्य थोड्याफार फरकाने मी ऐकलं आहे. कुणाला मॉनिटरचा आवाज आठवतो, कुणाला सुजलेले पाय, कुणाला शेवटी न ओळखणारी नजर. तीस वर्षांचा सहवास असतो, पण डोळे मिटले की समोर उभे राहतात ते अखेरचे काही दिवस. मग माणूस स्वतःलाच विचारू लागतो : मी तिला विसरले का? माझं प्रेम खरं होतं ना?

सुरुवातीचं वाक्य ज्या मुलीचं, तिची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. वय बत्तीस, पुण्यात नोकरी, एक लहान मुलगा. आजीला घरात सगळे 'जिजी' म्हणायचे. गाव कोरेगावच्या बाजूचं, सातारा जिल्ह्यातलं. पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर अकरा आठवडे अंथरुणाला खिळून राहून जिजी गेली. वय एक्क्याऐंशी.

माझ्याकडे ती आली तेव्हा जिजीला जाऊन दहा महिने झाले होते. निमित्त साधंच होतं. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात पेपरात द्यायची होती. काका म्हणाले, "मजकूर तू लिही, तुझं मराठी चांगलं आहे." ती लिहायला बसली. 'प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' असे तीन शब्द लिहून झाले आणि पुढे काही सुचेना. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

पहिल्या भेटीत तिने विचारलं, "मी कुठल्या स्टेजला आहे?" दुःखाच्या पाच पायऱ्या तिने मोबाइलवर वाचल्या होत्या. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. हा प्रश्न मला फार जण विचारतात, म्हणून इथेही सांगते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. माणसं अशी जिना चढल्यासारखी दुःखातून जात नाहीत. सकाळी डबा भरताना ठीक असतात आणि दुपारी बाजारात घेवड्याच्या शेंगा दिसल्या की कोलमडतात. तिचंही तसंच होत होतं. कामावर जात होती, मुलाचं करत होती, हसतही होती. म्हणजे दुःखाने तिला पुरतं जखडलेलं नव्हतं. अडकला होता फक्त आठवणींचा दरवाजा.

शेवटचंच का आठवतं, याचा एक धागा संशोधनात सापडतो. रेडेलमायर आणि कानेमन या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घेणाऱ्या रुग्णांचा अभ्यास केला. तपासणी किती वेळ चालली याचा रुग्णांच्या आठवणीवर फारसा परिणाम दिसला नाही. सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवटचे काही क्षण, यांवरून ते सगळ्या अनुभवाला तोलत होते. एक तपासणी आणि एक आख्खं आयुष्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं. पण हे ऐकल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला मी पाहिला. मनाची ती खोडच आहे. यात प्रेमाचं मोजमाप नाही.

तरी मला वाटत होतं, एवढंच नसणार. काहीतरी ती बोलत नव्हती. तिसऱ्या भेटीत ते आलं.

जिजीच्या नाकात नळी होती. उजवी बाजू लुळी पडलेली, पण डावा हात चालायचा, आणि त्या हाताने ती नळी ओढून काढायची. दोनदा काढली. पुन्हा घालताना तिला झालेला त्रास नातीने समोर उभं राहून पाहिला होता. दवाखान्यातून सांगितलं, रात्री हात सैलसर बांधून ठेवा. घरी आणल्यावर रात्रीची पाळी नातीची असायची. तिने स्वतःच्या सुती ओढणीने जिजीचा डावा हात खाटेच्या दांडीला बांधला. त्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, लग्नाआधी माहेरच्या जत्रेत गोंदवून घेतलेलं. ओढणी बरोबर त्यावरून गेली.

"ती माझ्याकडे बघत होती, मॅडम. लहानपणी याच हाताने तिने मला भरवलं, आणि मी तो बांधला."

अशा वेळी 'तुझा नाइलाज होता' असं म्हणायचा मोह फार होतो. मी ते म्हटलं नाही. ते तिने घरच्यांकडून शंभरदा ऐकलं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. त्याऐवजी मी विचारलं, "गाठ कशी मारली होतीस?" ती गोंधळली. मग सांगू लागली. आधी मनगटाभोवती रुमालाची घडी. मग ओढणी. मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा. दर तासाला सोडून हाताला खोबरेल लावायचं, बोटं हलवून घ्यायची, पुन्हा बांधायचं. मोबाइलवर गजर लावून ती उठायची. हे सगळं सांगताना ती पहिल्यांदा नीट रडली. ओढणीच्या आठवणीत दर तासाचं खोबरेलही होतं. इतके महिने ते कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही त्या तीन शब्दांकडे वळलो. मी म्हटलं, "कुटुंबवत्सल म्हणजे? ती नेमकं काय करायची?"

आता ती भरभरून बोलू लागली. घरात नऊ माणसं आणि जिजीला प्रत्येकाची भाकरी पाठ. आजोबांना जाड आणि मऊ, काकांना कडेने करपलेली, नातीला वरचा पापुद्रा सोलून त्यावर तेल-मीठ. उन्हाळ्यात कुरडयांचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा आणि चीक शिजला की पहिली वाटी राखण करणाऱ्या पोरांना. परीक्षेला निघताना तळहातावर दही. पुण्याला परत जाताना पिशवीत वाघ्या घेवडा, लसणाची चटणी आणि कुणाला दिसणार नाही अशी दुमडलेली पन्नासची नोट. कोण कुणाशी बोलत नाही हे तिला बरोबर कळायचं, आणि सणाच्या पंगतीत ती त्या दोघांना शेजारी बसवायची.

मी ऐकत होते. मग विचारलं, "आणि तिला स्वतःला काय आवडायचं?"

ती थांबली. बराच वेळ काही बोललीच नाही. "चहा," म्हणाली. मग म्हणाली, "नाही, चहा सगळेच घ्यायचे." शेवटी हळू आवाजात म्हणाली, "मला माहीतच नाही."

इथे मला माझं एक मत मांडायचं आहे. आपण ज्यांना कुटुंबवत्सल म्हणतो त्या बायका आपल्या आठवणीत बहुतेक वेळा आपल्या बाजूनेच उरतात. आम्हाला काय करून घालायची, आमच्यासाठी किती जागायची. तिच्या बाजूने आपण तिच्याकडे पाहिलेलंच नसतं. त्यामुळे ती आजारी पडून करायचं थांबते, तेव्हा आठवणही तिथेच थांबते. हे तिला मी लगेच बोलून दाखवलं नाही. पण तिनेच पुढच्या भेटीत दहाव्याची गोष्ट काढली.

दशक्रियेला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात उभे. अशा वेळी गेलेल्याची इच्छा राहिली आहे असं मानतात आणि एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. काका म्हणाले, "भावाभावांत वाटणीवरून भांडणार नाही." वडील म्हणाले, "धाकट्याचं लग्न थाटात करू." आत्या म्हणाली, "मी माहेर सोडणार नाही." कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

"मॅडम, सगळ्यांनी आमच्याच इच्छा सांगितल्या," ती म्हणाली. "तिची कुणीच सांगितली नाही. कुणाला माहीतच नव्हती."

मग तिला एक काम दिलं. असं काम मी बऱ्याच जणांना देते. जिजीला ओळखणाऱ्या तीन माणसांना भेट, पण 'आठवणी सांगा' असं म्हणू नकोस. त्यावर सगळे पेपरातल्या जाहिरातीसारखंच बोलतात. दोनच प्रश्न विचार. जिजी तुमच्यावर कधी चिडली होती का? आणि घरातलं काम नसायचं तेव्हा ती काय करायची?

पहिल्या प्रश्नाने तिच्या आईला बोलतं केलं. सासू-सुनेचं पहिली दहा वर्षं फारसं पटलं नव्हतं. आई म्हणाली, मी मिसरीचा डबा लपवला होता, दातांना वाईट म्हणून. जिजी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मीच डबा चुलीपाशी नेऊन ठेवला. सांगता सांगता आई हसली आणि मग उठून आत गेली. मुलीला मिसरीबद्दल कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी नुसता तो शब्द ऐकून तिला तो भाजका, कडवट वास आला. त्या वासामागोमाग सकाळची चूल, ओटीवरचं जिजीचं पाठमोरं बसणं आणि "आत जा, थंडी हाय" हे शब्दही आले. दहा महिन्यांत पहिल्यांदा खाटेच्या आधीची जिजी दिसली होती. तीही कुणी लपवून ठेवलेल्या गोष्टीतून.

दुसरा प्रश्न आत्याला विचारला. आत्या फलटणला असते. आत्या उठली, कपाटातून जिजीची चंची काढली आणि समोर रिकामी केली. सुपारीचे तुकडे, एक अडकित्ता आणि एसटीच्या तिकिटांची गुंडाळी.

२६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. जिजी तेव्हा एकोणऐंशीची. घरी ती सांगायची, लेकीकडे जाऊन येते. फलटणला उतरायची, आत्याकडे एक कप चहा घ्यायची आणि तासाभरात उठायची. आत्या म्हणायची, राहा की. "न्हाय, गाडी हाय." आत्याला आधी राग यायचा. मग एकदा ती स्टँडवर सोडायला गेली, तेव्हा जिजी तिला म्हणाली, "मला खिडकीपाशी बसायला आवडतं गं. तिथं कुणी काय मागत न्हाय." मोफत असलं तरी कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो, ती सगळी तिने जपली होती. त्या कागदावरची छपाई उडते. निम्म्याहून जास्त तिकिटं कोरी झाली होती.

मला हे सांगताना ती एक तिकीट घेऊन आली होती. कोरंच होतं.

जुन्या समजुतीप्रमाणे गेलेल्याशी असलेलं नातं मनातून सोडवून घेतलं की दुःख संपतं. फ्रॉइडच्या १९१७ च्या लिखाणापासून ही कल्पना बरीच रुजली. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळं मांडलं : नातं संपत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवणं हा आजार नाही. आपल्याकडे महिन्याचं मासिक, वर्षश्राद्ध, पितृपंधरवडा, घास बाजूला काढणं हे सगळं त्याच वळणाचं आहे, असं मला मनापासून वाटतं. फक्त पानात वाढताना तिला काय आवडायचं हे कुणाला तरी माहीत हवं.

एक गोष्ट मात्र काळजीने सांगते. शोक सहा महिने उलटूनही तितकाच तीव्र असेल, जगण्यात काही अर्थ वाटत नसेल, खाणं-झोपणं-काम सगळंच कोलमडलं असेल, तर नुसत्या आठवणी गोळा करून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आता लांबलेल्या शोकाला स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. या मुलीला त्याची गरज पडली नाही.

वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी ती मुलाला घेऊन कोरेगावहून फलटणच्या गाडीत बसली. खिडकीची जागा मिळाली. मुलगा झोपेने डुलायला लागला, तसा तिने डावा हात त्याच्या पोटावर आडवा धरला आणि उजव्या हाताने खिडकीचा गज पकडला.

"तेव्हा दिसला, मॅडम. जिजीचा हात. मी पाच-सहा वर्षांची असेन. याच रस्त्यावर. तिने मला असंच धरलं होतं. डावा हात माझ्या पोटावर, आणि त्यावरची तुळस मी बोटाने गिरवत होते."

आत्याकडे दोघं चहा प्यायले आणि परत फिरले.

जाहिरातीत 'प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल' हे शब्द तसेच राहिले. त्याखाली तिने एक ओळ जोडली : 'जिजींना एसटीत खिडकीची जागा आवडायची.' काका म्हणाले, "हे कशाला पेपरात?" तिची आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "असू द्या. छापा."